रेसिडेंटला फीडबॅक कसा द्यावा: वॉर्डातल्या पाच मिनिटांपासून तिमाही फॉर्मपर्यंत

एम.डी., एम.एस.च्या विद्यार्थ्यांचे, म्हणजे रेसिडेंटचे, तिमाही मूल्यमापनाचे फॉर्म बऱ्याच विभागांत एकाच पद्धतीने भरले जातात. क्लार्क गठ्ठा आणून टेबलावर ठेवतो, गाईड (मार्गदर्शक शिक्षक) सगळ्या रकान्यांत ७ लिहितात, शेऱ्यात ‘मेहनती’ किंवा ‘समाधानकारक’, आणि खाली रेसिडेंटची सही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्याच फॉर्मच्या तळाशी दोन सूचना छापल्या आहेत: कुठल्याही रकान्यात ४ पेक्षा कमी गुण असतील तर सुधारणेचा उपाय सुचवलाच पाहिजे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याशी वैयक्तिक बोलावं अशी जोरदार शिफारस आहे. सगळीकडे ७ लिहिले की पहिल्या सूचनेची गरज उरत नाही आणि दुसरी आपोआप मागे पडते. मग शेवटच्या परीक्षेत बाहेरच्या परीक्षकासमोर तो विद्यार्थी छातीचं पर्कशन (बोटांनी ठोकून तपासणं) चुकीचं करतो आणि लक्षात येतं, की तीन वर्षांत त्याला एक छाती पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासताना कोणी पाहिलंच नव्हतं.

फीडबॅक जमत नाही असं म्हणणाऱ्या शिक्षकाची अडचण बहुधा बोलण्यात नसते. बोलायला हातात काही नसतं, कारण त्यांनी रेसिडेंटचं केस प्रेझेंटेशन ऐकलेलं असतं, पण प्रत्यक्ष काम पाहिलेलं नसतं. प्रेझेंटेशनमध्ये ‘प्लीहा दोन सेंटिमीटर लागते’ हे वाक्य ऐकू येतं. हात पोटावर कुठून सुरू झाला, रुग्णाला कुशीवर वळवलं का, की सोनोग्राफीचा रिपोर्ट आधी वाचला होता, हे त्या वाक्यातून कळत नाही. म्हणून सुरुवात पाहण्यापासून.

पाहायला वेळ कुठून आणायचा

एका युनिटमध्ये ६ रेसिडेंट आहेत असं धरा. प्रत्येकाला महिन्यातून दोनदा, दर वेळी २० मिनिटं (१५ मिनिटं पाहणं आणि ५ मिनिटं बोलणं) दिली, तर महिन्याला २४० मिनिटं होतात. युनिटमध्ये प्रोफेसर, असोसिएट, असिस्टंट आणि एक सीनियर रेसिडेंट असे चौघे पाहणारे असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला एक तास. एवढा वेळ कुठल्याही युनिटमध्ये निघतो, अट एवढीच की तो आधी वहीत मांडलेला असावा. ‘वेळ मिळाला की बघू’ असं ठरवलेलं कधीच घडत नाही.

तिमाहीत एका रेसिडेंटची सहा निरीक्षणं व्हावीत आणि ती किमान तीन वेगवेगळ्या शिक्षकांनी करावीत. एकाच केसवरून निष्कर्ष काढणं धोक्याचं असतं. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचा इतिहास (आजाराची विचारपूस) उत्तम घेणारा रेसिडेंट पक्षाघाताच्या रुग्णासमोर अडखळू शकतो. कौशल्य केसगणिक बदलतं, आणि शिक्षकाची नजरही शिक्षकागणिक. एक जण न्यूरॉलॉजीच्या तपासणीत काटेकोर, दुसरा नातेवाइकांशी बोलण्याच्या बाबतीत. सहा निरीक्षणांत हे दोन्ही फरक बरेचसे भरून निघतात.

निरीक्षणाची साधनं नवी शोधायची गरज नाही. रुग्ण तपासताना पाहायचं असेल तर मिनी-सेक्स (मिनी क्लिनिकल इव्हॅल्युएशन एक्झरसाइझ): जॉन नॉर्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनसाठी विकसित केली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. इतिहास घेणं, शारीरिक तपासणी, वागणूक, निदानाचा विचार, समजावून सांगणं, कामाची मांडणी आणि एकंदर क्षमता अशी सात अंगं तिच्यात १ ते ९ च्या पट्टीवर मोजतात. हातातली प्रोसिजर पाहायची असेल तर डॉप्स (डायरेक्ट ऑब्झर्व्हेशन ऑफ प्रोसिजरल स्किल्स): संमतीपासून सुई सुरक्षित टाकून देण्यापर्यंतचे टप्पे. सगळी अंगं एकाच वेळी भरायचा अट्टहास करू नका. १५ मिनिटांत दोन-तीनच नीट पाहता येतात. बाकीच्या ठिकाणी ‘पाहिलं नाही’ असं लिहा. तिथे आकडा न टाकण्यात प्रामाणिकपणा आहे.

काय पाहायचं हे वर्षानुसार ठरवा. जेआर-१ ला (पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटला) इतिहास घेताना, एक पूर्ण सिस्टिम तपासताना, लंबर पंक्चर (एल.पी., म्हणजे कण्यातलं पाणी सुईने काढणं) किंवा पोटातलं पाणी काढताना आणि सकाळचा हँडओव्हर देताना पाहावं. जेआर-२ ला आयसीयूत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकताना आणि बिघडत चाललेल्या रुग्णाबद्दल निर्णय घेताना. जेआर-३ ला संध्याकाळचा राउंड चालवताना, ज्युनियरला शिकवताना आणि घरच्यांना वाईट बातमी सांगताना. हे शेवटचं सगळ्यात कमी पाहिलं जातं. तिथे रेसिडेंट एकटाच असतो, आणि बहुधा रात्रीचे दोन वाजलेले असतात. दिवसाच्या एखाद्या ‘प्रोग्नोसिस’च्या बोलण्याला तरी शिक्षकाने शेजारी उभं राहावं.

उभं कुठे राहायचं, लिहायचं काय

सुरू करण्याआधी रेसिडेंटला विचारा, ‘आज मी कशाकडे बघू?’ तो म्हणाला, ‘सर, रिफ्लेक्स मला नीट निघत नाहीत,’ तर अर्धं काम झालं. स्वतः मागितलेला फीडबॅक माणूस वेगळ्या कानांनी ऐकतो.

रुग्णालाही सांगा: ‘काका, आज हे डॉक्टर तुम्हाला तपासतील, मी नुसतं बघणार आहे.’ नाहीतर रुग्ण प्रत्येक उत्तर तुमच्याकडे बघून देतो आणि रेसिडेंटचं बोलणं तुटत राहतं. खाटेच्या पायथ्याशी, थोडं बाजूला उभे राहा. मध्ये बोलू नका. रुग्णाला इजा होण्याची शक्यता दिसली तरच थांबवा.

लिहिताना विशेषणं टाळा, घडलेलं लिहा. उदाहरणार्थ:

‘१०.०५. नाव सांगितलं नाही. दम कधीपासून – ४ दिवस. झोपताना उशा किती – विचारलं, चांगलं. रात्री दम लागून उठावं लागतं का – राहिलं. रुग्ण “साहेब, खाणीवर असताना” म्हणाला, तेव्हा दुसरा प्रश्न आला. काम काय, किती वर्षं – विचारलंच नाही. १०.१६ छाती फक्त पुढून ऐकली.’

या सहा-सात ओळींत फीडबॅक तयार आहे. दगडखाणीत काम केलेल्या माणसाला दम लागत असेल तर सिलिकोसिसचा (दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा) आणि त्यासोबत येणाऱ्या क्षयरोगाचा विचार व्हायला हवा, आणि तो धागा रुग्णाने स्वतः पुढे केला होता. ‘हिस्टरी वरवरची आहे’ असं म्हटलं असतं तर रेसिडेंटने पुस्तकातले आणखी दहा प्रश्न पाठ केले असते. पण त्याचं चुकलं ते रुग्णाचं वाक्य मध्ये तोडण्यात, आणि ते टिपल्याशिवाय सांगता आलं नसतं.

पाच मिनिटांचं बोलणं

क्रम साधा आहे: आधी विचारा, मग सांगा, मग पुन्हा विचारा. लंबर पंक्चरनंतर ड्यूटी रूममध्ये, दार लावून झालेलं बोलणं असं असावं.

‘एल.पी. करताना तुला स्वतःला काय जमलं असं वाटलं? कुठे अडलं?’

‘सर, सुई तीनदा हाडाला लागली. मणक्यांमधली स्पेस चुकली असावी.’

‘स्पेस बरोबर होती, एल ३-४. लिग्नोकेनची भूल दिल्यावर तू दोन मिनिटं थांबलास, त्यामुळे पेशंट हलला नाही. मी पायथ्याशी होतो, तिथून दिसलं की टोचण्याआधीच त्याचा वरचा खांदा पुढे कलंडला होता. पाठ खाटेला काटकोनात राहिली नाही. तुला सुई सरळ वाटत होती, पण ती मधल्या रेषेवरून बाजूला जात होती. आणि हाड लागल्यावर तू आतल्या आतच दिशा बदललीस, सुई त्वचेखालपर्यंत मागे घेतली नाहीस. खोलवर गेलेली सुई वाकते, तिची दिशा बदलत नाही. पुढच्या वेळी पहिल्यांदा काय करशील?’

‘वॉर्डातल्या मामांना खांदा आणि कंबर दोन्ही धरायला सांगेन. आणि टोचायच्या आधी बाजूला येऊन पाठ बघेन.’

‘गुरुवारी आपली इमर्जन्सी ड्यूटी आहे. एल.पी. निघाली तर पोझिशन दिल्यावर, सुई घालायच्या आधी मला किंवा लेक्चरर मॅडमना बोलाव.’

रेसिडेंटने स्वतःचं निदान केलं होतं, ते चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे शिक्षकाला पहिल्या प्रश्नामुळेच कळलं. न विचारता सांगायला सुरुवात केली असती तर तो ‘हो सर’ म्हणून गेला असता आणि पुढच्या वेळी स्पेस बदलत बसला असता. कौतुकही नेमकं आहे, ‘दोन मिनिटं थांबलास’, म्हणून तो ते पुन्हा करील. ‘छान’ एवढं म्हटलं असतं तर काय छान होतं ते त्याला कळलं नसतं. उपाय त्याच्या तोंडून आला. शेवटी पुढची संधी कधी आणि तिथे कोण पाहणार, हे ठरलं. हा शेवटचा भाग सगळ्यात जास्त गळतो आणि त्याविना बाकीचं वाया जातं. सांगितलेलं करून पाहायला जागा मिळाली नाही तर आठवड्यात विसरलं जातं.

एका वेळी एक गोष्ट, फार तर दोन. तुम्हाला नऊ दिसल्या असतील तर सात वहीत राहू द्या. निवडताना रुग्णाला धोका कशाने आहे ते आधी, मग ज्याने बाकीचं सुधारेल ते.

गोड, मग कडू, मग पुन्हा गोड अशी जी पद्धत बऱ्याच कार्यशाळांत शिकवतात, ती आम्ही वापरू नका म्हणू. दोन-तीन वेळा अनुभव आला की रेसिडेंट पहिलं कौतुक ऐकतानाच ‘पण’ची वाट पाहतो आणि खरं कौतुकही खोटं वाटू लागतं. उलट लाजरा शिक्षक कडू भाग इतका पातळ करतो की ऐकणारा खूश होऊन बाहेर पडतो.

काही वाक्यं तर सोडूनच द्यावीत. ‘जरा वाचत जा’: काय वाचू? त्याऐवजी ‘हायपोनॅट्रेमियात सोडियम २४ तासांत किती वाढू द्यायचं ते आज वाच, उद्या बेड १२ च्या पेशंटवर मला सांग.’ ‘आत्मविश्वास कमी आहे’: तो तुम्हाला कशातून दिसला ते सांगा, म्हणजे ‘नातेवाइकांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू उत्तर न देता सिस्टरकडे बघितलंस.’ ‘तू फार कॅज्युअल आहेस’ हे तर माणसावर केलेलं निदान आहे, आणि त्यावर माणूस एकच गोष्ट करतो, स्वतःचा बचाव.

यामागे पुरावा आहे. क्लुगर आणि डिनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकचे ६०० हून अधिक परिणाम एकत्र तपासले. सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम आधीपेक्षा खालावलं होतं. त्यांची मांडणी अशी, की लक्ष कामावरून उडून ‘माझी लायकी काय’ याकडे वळलं की परिणाम घसरतो. फीडबॅक दिला म्हणजे भलंच होईल, असं गृहीत धरता येत नाही.

राउंडवर काय बोलावं

रुग्णाला आत्ता धोका असेल तर तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने थांबवा. पोटॅशियम क्लोराइड सिरिंजमधून थेट शिरेत जातंय असं दिसलं तर सौजन्याचा प्रश्न येत नाही. वाक्य मात्र कामाबद्दल ठेवा: ‘थांब. हे बोलस देत नाहीत, पातळ करून इन्फ्युजनमध्ये.’ बाकी सगळं नंतर, खोलीत.

औषधाचा डोस, तपासणीचा क्रम, निदानाचे पर्याय यांवर राउंडला चर्चा व्हावीच, त्याने सगळेच शिकतात. पण रेसिडेंटच्या सवयी, उशिरा येणं, बोलण्याची पद्धत हे विषय खाटेशेजारी नकोत. रुग्णाला मराठी कळतं. ज्या डॉक्टरला सकाळी सगळ्यांसमोर ‘तुला काही येत नाही’ म्हटलं, तोच डॉक्टर रात्री अकराला सुई टोचायला आल्यावर तो रुग्ण हात पुढे कसा करील? युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन झापणं याच सदरात येतं. तिथे ते लिखित राहतं आणि स्क्रीनशॉट होऊन फिरतं.

अपमानाचा एक परिणाम शिक्षकांना दिसत नाही, कारण तो लपवण्यासाठीच घडतो. कमी आलेलं सोडियम उशिरा सांगितलं म्हणून ज्या जेआर-१ ला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, तो पुढच्या वेळी लवकर सांगेलच असं नाही. पुष्कळदा तो न मोजलेलं बीपी १२०/८० लिहितो, न पाठवलेल्या सॅम्पलला ‘रिपोर्ट अवेटेड’ म्हणतो. केसपेपरवर सलग चार दिवस तेच बीपी आणि तोच पल्स दिसला तर रेसिडेंटइतकंच युनिटमधल्या वातावरणाकडेही बघा. ‘मी मोजलं नाही’ हे वाक्य जिथे शिक्षेविना उच्चारता येतं, तिथेच खरे आकडे लिहिले जातात.

वेळ निवडताना एक नियम पाळा: रात्रभर जागलेल्या रेसिडेंटला इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फीडबॅक देऊ नका. रुग्णासाठी लगेच जे बदलायचं ते सांगा आणि झोपायला पाठवा. उरलेलं दुसऱ्या दिवशी बोला. त्याहून फार लांबवूही नका. आठवडा गेला की तुम्हालाही खांदा कलंडलेला आठवत नाही आणि ‘एल.पी. नीट जमत नाही’ एवढंच उरतं.

फॉर्म भरताना

आयोगाच्या फॉर्मवर १ ते ३ असमाधानकारक, ४ ते ६ समाधानकारक, ७ ते ९ समाधानकारकपेक्षा वरचढ असे तीन पट्टे आहेत. सात नेमके कधी द्यायचे हे विभागात ठरलेलं नसेल तर आकड्याला अर्थ नाही. वर्षातून एकदा सगळ्या शिक्षकांनी तासभर बसून ते लिहून काढावं. एक पद्धत देखरेखीच्या पातळीवरून जाते, आणि आम्हाला तीच सर्वांत उपयोगी वाटते. ऑले टेन काटे यांनी २००५ मध्ये मांडलेल्या ‘विश्वासाने सोपवता येणाऱ्या कामां’च्या कल्पनेवर ती उभी आहे. प्रश्न एकच: हे काम उद्या या रेसिडेंटवर कुठल्या देखरेखीखाली सोपवाल? नुसतं बघायला उभं करीन, शेजारी उभं राहून करू देईन, हाकेच्या अंतरावर असेन, एकट्याला करू देईन, की दुसऱ्याला शिकवायलाही सांगेन? ‘मेहनती आहे’पेक्षा या प्रश्नाचं उत्तर खरं निघतं, कारण त्यात आपली रात्रीची झोप पणाला लागलेली असते.

पट्टीवर त्याचा मेळ वर्षानुसार घाला. जेआर-१ ला पहिल्या सहामाहीत एल.पी. शेजारी उभं राहून करू देता येत असेल तर ५ योग्य आहेत. तीच पातळी जेआर-३ ची असेल तर ३. आणि ३ लिहिले तर शेजारी उपाय लिहिणं आलंच.

तीन चुका नेहमी होतात. प्रेझेंटेशन फर्ड्या इंग्रजीत करणाऱ्याला सगळ्याच रकान्यांत जास्त गुण पडतात, अगदी लॉगबुकलासुद्धा. शेवटच्या पंधरवड्यातला एखादा घोळ आधीचे अडीच महिने झाकून टाकतो. आणि तिसरी, सगळ्यात सार्वत्रिक, म्हणजे वाईट वाटू नये म्हणून दिलेले सात. पहिल्या दोन चुकांवर उपाय तोच: फॉर्म आठवणीतून न भरता निरीक्षणाच्या वहीतून भरा, आणि एकेक रकाना घेऊन सगळ्या रेसिडेंटचा भरा, एकेक रेसिडेंट घेऊन सगळे रकाने भरू नका. तिसऱ्या चुकीवर उपाय धैर्याचा आहे, पण थोडा आधार रचनेतूनही मिळतो. गुण एकट्या गाईडने न देता निरीक्षण केलेल्या तिघांनी मिळून दिले, तर कोणा एकावर वाईटपणा येत नाही. तिमाहीमागून तिमाही सात-सात मिळालेल्या मुलीला शेवटच्या तिमाहीत ‘तू परीक्षेला बसायला तयार नाहीस’ असं सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तिने तसं म्हटलं तर कागद तिच्या बाजूने बोलतात.

शेरा असा लिहा की सहा महिन्यांनी अनोळखी शिक्षकालाही कळेल: ‘६ पैकी ५ निरीक्षणांत इतिहास पूर्ण. न्यूरॉलॉजीची तपासणी अपुरी: संवेदना तपासताना दोन्ही बाजूंची तुलना केली नाही (दोन वेळा). उपाय: चार आठवड्यांत तीन पक्षाघाताचे रुग्ण देखरेखीखाली तपासणे, पुन्हा निरीक्षण.’

तिमाही भेट

अर्धा तास, बंद दार, फोन बाजूला. दोन-तीन दिवस आधी कोरा फॉर्म रेसिडेंटला द्या आणि त्याने स्वतःला गुण देऊन आणावेत. भेटीत आधी त्याचा फॉर्म वाचायचा. जिथे त्याचे आणि तुमचे आकडे दोनपेक्षा जास्त अंतराने वेगळे आहेत, बोलणं तिथेच करायचं. जुळणाऱ्या रकान्यांवर वेळ घालवू नका. स्वतःला कमी गुण देणारे पुष्कळ भेटतात. त्यांना ‘अरे, चांगलं आहे की’ म्हणण्यापेक्षा वहीतली दोन निरीक्षणं वाचून दाखवा.

कमी गुण ऐकल्यावर तो गप्प होईल, चिडेल किंवा रडेल. तेव्हा पुढचा मुद्दा काढू नका. ‘हे ऐकून काय वाटलं?’ असं विचारा आणि थांबा. ती शांतता भरायची घाई शिक्षकालाच जास्त होते. एखादं निरीक्षण त्याला मान्य नसेल तर वाद घालू नका. ‘मग पुढच्या महिन्यात दुसऱ्या सरांना हेच पाहायला सांगू’ हा उत्तम तोडगा आहे.

शेवटी योजना, त्याच्या हस्ताक्षरात: एक किंवा दोन गोष्टी, कुठे करणार, कोण पाहणार, तारीख. एक प्रत त्याच्याकडे, एक वहीत. पुढच्या तिमाहीची भेट हाच कागद उघडून सुरू करायची.

थिसिसचं बोलणं या अर्ध्या तासात आणू नका, नाहीतर नमुनासंख्या आणि मास्टर चार्टमध्येच तो संपतो. त्याला वेगळा वार ठेवा.

कोणी मागे पडत असेल तर

उपाय लिहिण्याआधी कारण शोधा, कारण बाहेरून सगळी कारणं ‘आळशी’ अशीच दिसतात. ज्ञान कमी असलेला रेसिडेंट शांत वेळी, खोलीत विचारलं तरी अडतो. ज्ञान आहे पण कामाची मांडणी नाही, तो खोलीत उत्तम बोलतो आणि वॉर्डात चार कामं एकदम आली की कोलमडतो. पहिल्याला वाचनाचा आराखडा लागतो. दुसऱ्याला सकाळी साडेसातला कामांची यादी करून त्यातली पहिली तीन कुठली, हे सीनियरसमोर ठरवायची सवय. दुसऱ्याला आणखी पुस्तकं दिली तर तो अधिकच बुडतो.

महाराष्ट्रात आणखी एक कारण वारंवार येतं. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे बऱ्याच रेसिडेंटची मराठी पहिल्या दिवशी शून्य असते. ‘इतिहास घेता येत नाही’ असा शेरा मारण्याआधी ‘मळमळ’, ‘चमक’, ‘ठणका’, ‘धाप’, ‘घेरी’, ‘मुंग्या’, ‘अंगावरून पांढरं जाणं’ हे शब्द त्याला कळतात का ते बघा. असे शे-दीडशे शब्द आणि तीसेक प्रश्न विभागाने एका कागदावर छापून द्यावेत. दोन महिन्यांत फरक पडतो.

वागणं अचानक बदललं असेल, चोख काम करणारी मुलगी उशिरा येऊ लागली, जेवण टाळू लागली, विनाकारण रडू लागली, तर तो फीडबॅकचा विषय नाही. ड्यूटी सलग किती तासांची लागतेय, सीनियर त्रास देतोय का, घरी काय चाललंय, हे आधी विचारा. गरज वाटली तर मानसोपचार विभागात स्वतः बोलून वेळ घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ड्यूटी रूममध्ये लावलेला असावा. जीव देण्याचा विचार बोलून दाखवला तर तिला त्या क्षणापासून एकटं सोडू नका. सीनियरकडून छळ असेल तर तो रॅगिंगच्या नियमांखाली येतो. तिथे समजूत घालणं पुरेसं नाही, समितीकडे जायचं.

वरच्या वर्षाचे रेसिडेंट आणि जिल्हा रुग्णालय

जेआर-१ खरं शिकतो ते जेआर-२ आणि जेआर-३ कडून, रात्री. म्हणून वरच्या वर्षाच्या रेसिडेंटना फीडबॅक द्यायला शिकवणं हे शिक्षकाचं काम आहे. आधी विचार, मग पाहिलेलं सांग, मग पुढच्या वेळी काय ते विचार, एवढं एका दुपारी दोन भूमिका करून शिकवता येतं. नंतर जेआर-३ ज्युनियरशी बोलत असताना तुम्ही पाहा आणि त्या बोलण्यावर त्याला फीडबॅक द्या. सिस्टर, टेक्निशियन आणि वॉर्डातल्या मावशी यांनाही तिमाहीत एकदा विचारा, पण प्रश्न नेमका हवा: ‘रात्री हाक मारल्यावर येतात का? कामाचं नीट सांगतात का?’ उत्तरं एकत्र करून सांगा, कोण काय म्हणालं ते कधीही सांगू नका.

जिल्हा रेसिडेन्सी कार्यक्रमाचे (जिल्हा रुग्णालयात काम करायचे) तीन महिने, जे तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात येतात, ते बहुतेक ठिकाणी फीडबॅकविना जातात. वास्तविक रेसिडेंट तिथे पहिल्यांदा युनिटच्या सावलीबाहेर निर्णय घेतो. जाण्याआधी दोन उद्दिष्टं ठरवून तिथल्या तज्ज्ञांना फोनवर सांगा, म्हणजे ‘हिला सिझरच्या वेळी नवजात बाळाचं रिससिटेशन करताना पाहा’ असं नेमकं. दर महिन्याला पंधरा मिनिटांचा फोन ठेवा. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात विचारा: तिथे एकटीने घेतलेला कुठला निर्णय आज वेगळा घेशील, आणि इथे आपण करतो त्यातलं काय तिथे अशक्य होतं? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून विभागाने बदलायच्या गोष्टीही निघतात. त्या वहीत शिक्षकांच्या पानावर लिहाव्यात, तारखेसह.